यात नवरदेव कोण?

‘वहिनी ओळखू येतायत. पण शेजारी हा कोण?’

विवाह नोंदणीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी काकांनी गेल्या मंगळवारी आमच्या लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून हे विचारलं. बोट माझ्यावर होतं.

लग्न 2003 सालचं. पाचशे पानं उठली, आहेराची यादी वहीत उतरली, कुणी किती रुपयांचं पाकीट दिलं ते आईला अजून पाठ आहे. सरकारदरबारी नोंद तेवढी राहिली. आता बायकोला तिच्या कंपनीने दोन वर्षांसाठी आयर्लंडला पाठवायचं ठरवलंय आणि मी तिच्यावर ‘अवलंबित’ म्हणून जाणार आहे. अवलंबित असल्याचा पुरावा म्हणजे विवाह प्रमाणपत्र. घरी विचाराल तर तोंडी पुरावे पुष्कळ आहेत.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण या गल्लतीपायी लोकांच्या दोन-दोन चकरा फुकट जातात. नोंदणी पद्धतीने लग्न करणं वेगळं आणि झालेल्या लग्नाची नोंदणी करणं वेगळं. पहिलं 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली होतं. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला हवा, मग नोटीस, नोटिशीनंतर आक्षेपांसाठी तीस दिवसांची वाट, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न उरकलं नाही तर पुन्हा श्रीगणेशा. त्यासाठी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जायचं. दुसरं, म्हणजे आमच्यासारख्या आधीच बोहल्यावर चढून उतरलेल्यांचं, महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखाली होतं आणि त्यासाठी महापालिकेचं प्रभाग कार्यालय, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत गाठायची. लग्नापासून नव्वद दिवसांत जायचं असतं. त्यानंतरही नोंद होते, फक्त शुल्क वाढतं आणि खिडकीपलीकडच्या माणसाच्या भुवया वर जातात. आम्ही बावीस वर्षांनी गेलो. भुवया कपाळ ओलांडून केसांत शिरल्या.

अर्जाला ‘नमुना ड’ म्हणतात. त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तो घरून चिकटवून नेऊ नका. मजकुरात एक काना चुकला तरी अर्ज नव्याने लिहायला लावतात आणि चिकटवलेला स्टॅम्प सासरी दिलेल्या मुलीसारखा, परत येत नाही. आधी खिडकीवर कच्चा अर्ज तपासून घ्यायचा, मग डिंक.

या अर्जातला खरा सापळा म्हणजे ‘विवाहाच्या वेळचा दर्जा’ हा रकाना. ‘अविवाहित, विधुर, घटस्फोटित’ यातलं एक तिथं लिहायचं असतं. माझ्या पुढच्या गृहस्थांनी वळणदार अक्षरात ‘विवाहित’ असं लिहिलं होतं. बायको शेजारी उभी, मग दुसरं काय लिहिणार बिचारा. पण त्याचा कायदेशीर अर्थ असा की बोहल्यावर चढताना साहेबांची आधीची एक होतीच. ही द्विभार्येची लेखी कबुली त्यांनी स्वहस्ते, दोन प्रतींत दिली होती. वयाचंही तेच. लग्नाच्या दिवशीचं वय लिहायचं, आजचं नाही. मी शेहेचाळीस लिहिलं, खोडलं, चोवीस लिहिलं, आणि खाडाखोड चालत नाही म्हणून नवा अर्ज घेतला.

सोबत दोघांचे वयाचे पुरावे, पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नविधीचा फोटो, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि ओळखपत्र, लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. प्रती कितीही असोत, मूळ कागदपत्रं सोबत हवीतच.

पत्रिका आईने देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलेली होती, हळदीचं बोट अजून शाबूत. पण त्यात माझं नाव ‘चि. बाळासाहेब’ असं छापलंय. आजोबांची हौस. या नावाचा माणूस ना शाळेच्या दाखल्यावर आहे, ना आधारवर. लिपिकबाईंनी शांतपणे विचारलं, ‘हे बाळासाहेब आले नाहीत का?’ उपाय म्हणजे प्रतिज्ञापत्र: बाळासाहेब आणि खाली सही करणार ही एकच व्यक्ती होय. आता शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क 2004 सालीच माफ झालंय. साध्या कागदावर चालायला हवं. तरी बाहेरच्या टायपिंगवाल्यापासून आतल्या टेबलापर्यंत सगळे एकमुखाने मुद्रांक मागतात, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेवर गेल्यापासून हे एकमत महाग पडतं. मी वाद घातला. वीस मिनिटं घातला. मग पाचशे रुपये घातले. यावर विनोद सुचत नाहीये, राग येतोय, म्हणून पुढे जातो.

फोटो. त्या फोटोग्राफरने आमच्या लग्नात दोनशे सोळा फोटो काढले. त्यातले निम्मे जेवणाच्या पंगतीचे. खिडकीवर सांगितलं, ‘विधीचा द्या, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा.’ मी अल्बमच घेऊन गेलो होतो. अंतरपाट धरलेल्या फोटोत अंतरपाट स्पष्ट आहे. माळ घालतानाच्या फोटोत मामांनी मला उचलून धरलंय, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी माझं पोट आलंय. सप्तपदीत आमच्या दोन पाठी आणि धूर. स्वागत समारंभाचा फोटो उत्तम आहे, दोघं समोर बघून हसतोय, पण ‘यात विधी कुठाय?’ राहिला लाजाहोमाचा. त्यात बायको छान दिसते आणि मी मुंडावळ्यांच्या पलीकडे कुठं तरी आहे.

इथं त्या काकांचा प्रवेश. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यात ‘विष्णू’चं ‘विष्णु’ झालंय ते दुरुस्त करायला ते कित्येक महिने येतायत, आणि आता निम्मे कर्मचारीच झालेत. पंखा कोणत्या बटणाने लागतो ते त्यांनाच माहीत. त्यांनी न विचारता अल्बम मांडीवर घेतला, चष्मा बदलला, फोटो हातभर लांब धरला आणि निकाल दिला, ‘हे तुम्ही नाही.’

‘मीच आहे काका.’

‘याची हनुवटी बघा. तुम्हाला हनुवटीच नाहीये.’

‘होती.’

‘केस?’

‘तेही होते.’

काकांनी फोटो शेजारच्या नवपरिणित जोडप्याकडे दिला. मुलीने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या केसांकडे जरा काळजीने पाहिलं. शिपाई आला. ‘फेटा कुणाचा?’ त्याने विचारलं. बायको, जिला इतका वेळ माझ्या बाजूची समजत होतो, ती वाकून म्हणाली, ‘फेटा भाऊकाकांचा, तो ओळखते मी. घड्याळही यांचंच.’ म्हणजे फेट्याची ओळख पटली, घड्याळाची पटली, नवरा विचाराधीन.

काकांनी अल्बम पहिल्यापासून उलटायला घेतला. हळद झाली, सीमांतपूजन झालं, मध्येच ‘या मावशी का रागावल्यात?’ असं विचारून झालं. (मानाच्या साडीवरून. अजून रागावल्यात.) विहिणींच्या पंगतीतले पदार्थ त्यांनी मोजले, मठ्ठा दिसत नाही म्हणून हळहळले. लिपिकबाईंनी खिडकीतून दोनदा ‘काका, नंबर पुढं जाऊ द्या’ म्हटलं, पण त्याही मान वाकडी करून बघत होत्या. शेवटी उष्ट्या घासाच्या फोटोवर काका थांबले. बायको मला जिलबी भरवतेय आणि मी डोळे मिटून तोंड उघडलंय. काकांनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, ‘आ करा.’

सरकारी कार्यालयात, अकरा माणसांसमोर, मी आ केला.

‘हेच ते,’ काका म्हणाले. बाईंनी फोटोची झेरॉक्स मागितली.

आता कायद्याची गंमत बघा. हिंदू विवाह कायद्याच्या आठव्या कलमात साफ म्हटलंय की नोंद केली नाही म्हणून लग्नाच्या वैधतेला बाधा येत नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच लग्नांची नोंद सक्तीची व्हावी असं राज्यांना सांगितलं. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने असंही सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू लग्न होत नाही. म्हणजे कागद नसला तरी लग्न आहे, नुसता कागद असला तरी लग्न नाही, आणि व्हिसावाल्याला कागदच हवा. गोव्यात निदान आधी कागद असतो: निबंधकापुढे एकदा सही, आक्षेपांसाठी मुदत, मग पुन्हा येऊन दुसरी सही, आणि हे झाल्यावर मंडप काय तो घाला.

ज्यांची नोंद पूर्वी झालीय पण प्रमाणपत्र हरवलंय, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. नक्कल मागायला गेलं की लोक लग्नाची तारीख सांगतात. नोंदवह्या लागलेल्या असतात नोंदणीच्या तारखेने. 2001 चं लग्न 2007 च्या वहीत सापडू शकतं, आणि अनुक्रमांक नसेल तर मधल्या सगळ्या वह्या उपसायला कुणी बसत नाही. म्हणून जुनी झेरॉक्स, जुन्या पासपोर्टला जोडलेली प्रत, काहीही शोधा ज्यावर तो क्रमांक असेल. ग्रामपंचायत नंतर शहरात गेली असेल तर वह्या कुठे गेल्या ते आधी विचारा. 1998 चा कायदा येण्यापूर्वीच्या नोंदी 1953 च्या मुंबई विवाह नोंदणी कायद्याखालच्या, त्यांची वही निराळी. त्यापेक्षा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जावं. गाव आणि आडनाव सांगितलं की लांबलचक वही उघडतात आणि खापरपणजोबांपर्यंत सगळे रांगेने हजर. अडचण एवढीच, की आयर्लंडच्या दूतावासाला ती वही चालत नाही.

गुरुजींची सही आणायला मी आदल्या रविवारी साताऱ्याला जाऊन आलो होतो. वय एक्याऐंशी. ‘त्या दिवशी चार लावली होती, तुमचं कोणतं?’ एवढंच विचारून त्यांनी सही केली, आणि दक्षिणा आजच्या दराने घेतली.

राहिले साक्षीदार. दोघे वेळेवर आले. तिसरा, माझा मावसभाऊ, वाहतुकीत अडकला. दुपारच्या जेवणाची सुट्टी व्हायला बारा मिनिटं. बाई म्हणाल्या, आज जमणार नसेल तर पुढच्या मंगळवारी या. काका उठून उभे राहिले, आधारकार्ड खिशातच होतं.

‘मी करतो सही.’

‘पण तुम्ही लग्नाला कुठं होतात?’

‘नव्हतो. पण तुमचं लग्न माझ्याइतकं नीट कुणी बघितलंय?’

उत्तर नव्हतं. साक्षीदार हजर असलेलाच लागतो म्हणून मी नको म्हटलं, तर ते जरा दुखावले. मावसभाऊ घामाघूम होऊन चार मिनिटं राखून पोचला. मग अंगठ्यांचे ठसे, आणि टेबलावरच्या छोट्या कॅमेऱ्यापुढे आमचा दोघांचा फोटो.

कालच प्रमाणपत्र हातात पडलं. नावांचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर ताडून घेतलं, तुम्हीही खिडकी सोडण्याआधी घ्या, नंतरची दुरुस्ती म्हणजे काकांच्या बाकावर जागा. ते तिथं होतेच. ‘विष्णु’ अजून ऱ्हस्वच आहे. त्यांनी प्रमाणपत्र मागून घेतलं, चष्मा बदलला, वरचा फोटो हातभर लांब धरला.

‘तुम्ही अगदी तुम्हीच,’ ते म्हणाले. मग बायकोच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ‘या कोण?’