न पाहिलेल्या हॉटेलांसाठी कसे हळहळावे

सांगलीत राहून मुंबईच्या बंद पडलेल्या हॉटेलांसाठी हळहळायचे असेल, तर पहिली अट अशी की आपण तिथे फारसे गेलेले नसावे. जो रोज जात होता त्याला उकाडा आठवतो, गल्ल्यावरून खेकसणारा मालक आठवतो, न विचारता समोर येऊन बसणारा अनोळखी माणूस आठवतो, आणि मग त्याची हळहळ पातळ होते. आपले तसे नाही. मिरजेहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून, दिवसा मंत्रालयातले काम उरकून, रात्री त्याच गाडीने परतणाऱ्या माणसाला मुंबईत जो तास-दीड तासाचा रिकामा वेळ मिळतो, त्यातून चाळीस वर्षे पुरेल इतकी आठवण सहज निघते.

सुरुवात काळा घोड्यापासून करावी. जहांगीर आर्ट गॅलरीच्या चिंचोळ्या व्हरांड्यातले समोवार 1964 साली सुरू झाले आणि मार्च 2015 मध्ये बंद झाले, ही दोन साले तोंडपाठ असावीत आणि 'समोवार' म्हणण्यापूर्वी 'आमचे' म्हणायला विसरू नये. मी स्वतः तिथे एकदाच गेलो आहे. दर पाहून पुदिन्याचा चहा तेवढा मागवला, शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्या गृहस्थांना थोर चित्रकार समजून अर्धा तास आदराने न्याहाळले, आणि उठताना त्यांनी माझ्या हातात विम्याचे माहितीपत्रक ठेवले. हा शेवटचा तपशील सांगताना गाळावा. मी गाळतो.

तिथून जवळच वेसाइड इन होते. त्याच्या खिडकीशी अरुण कोलटकर बसत आणि समोरच्या तिठ्यावरची कुत्री, भिकारी, इडल्यांभोवती जमलेली माणसे पाहत. कोलटकर मूळचे कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच, तेव्हा त्या खिडकीवर निम्मा हक्क सांगायला हरकत नाही. त्यांनी त्या तिठ्यावर कविता लिहिल्या एवढे माहीत असले की पुरते. त्या वाचलेल्या असण्याची सक्ती नाही.

इराण्यांचा विषय निघाला की आवाज खाली आणावा. धोबी तलावाच्या बास्तानीचे नाव घ्यावे, संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या यांचे वर्णन करावे आणि ब्रुनमस्क्याचा उल्लेख करताना डोळे मिटावेत. डोळे मिटण्याचे माझे कारण वेगळे आहे. एका इराण्याकडे मी घाईत ब्रुन चहात न बुडवताच चावला. त्याच्या करकरीत पापुद्र्याने टाळू असा सोलला, की पुढचे दोन दिवस मी घरच्या आमटीलासुद्धा घाबरत होतो. लोक मात्र माझा चेहरा पाहून 'किती जिव्हाळा!' असे म्हणतात.

हॉटेल बंद का पडले, हे कधीही विचारू नये. कारण कळले की दुःखाला हिशेबाचा वास येऊ लागतो. इतरांना अशुभ वाटणाऱ्या कोपऱ्याच्या जागा इराण्यांनी घेतल्या, असे सांगतात. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्या जागांचे भाडे जवळजवळ गोठले, म्हणून तिथला चहा स्वस्त राहू शकला. पुढे मुंबईत जागेचे मोल इतके वाढले, की दिवसभर चहा विकण्यापेक्षा एकदाच जागा सोडणे भागीदारांना परवडू लागले. त्यातच पुढच्या पिढीला पहाटे चारला उठून भट्टी पेटवायची हौस उरली नाही. हे सगळे समजून घेतल्यावर माणूस हळहळण्याऐवजी मान डोलावतो. आपल्याला तर उसासा हवा आहे. म्हणून दोष 'बदलत्या काळा'वर टाकावा. तो उलट उत्तर देत नाही.

रात्रीच्या मुंबईबद्दल बोलताना मात्र जपून. चर्चगेटच्या रेस्टॉरंटांतला जॅझ आणि तो वाजवणारे गोव्याचे वादक यांच्यासाठी खुशाल झुरावे. फक्त 1949 सालचा दारूबंदी कायदा मध्येच आठवू नये, नाहीतर त्या सोनेरी रात्रींतल्या किती जणांकडे परवाना होता, असे कोणीतरी विचारेल. ('परमिट रूम' हा आपल्या हमरस्त्यांवर दिमाखात नांदणारा शब्द त्या काळाचीच देणगी आहे.) डान्स बारचा विषय तर आपल्या जिल्ह्यात काढूच नये. 2005 साली त्यांच्यावर बंदी आणणारे गृहमंत्री आर. आर. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. 2013 साली ती बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही ही गोष्ट वेगळी, पण उसाचे बिल खिशात घालून पनवेलपर्यंत जाणाऱ्या पोरांच्या आयांसमोर हरवलेल्या रात्रींचे स्मरणरंजन मांडून पाहा. भडंगाची बशी उचलून नेली जाते.

आता एक व्यावहारिक सूचना. आपल्याच गल्लीतले एखादे हॉटेल बंद होत असेल, तर घाईने हळहळू नये. आठवणींना किमान वीस वर्षे मुरू द्यावे. माझ्या घराच्या कोपऱ्यावर, जिथे मी पंचवीस वर्षे सकाळचा चहा घेत आलो, ते हॉटेल या दिवाळीनंतर मोबाइलच्या दुकानाला जात आहे. मालकांनी ते मला गेल्या आठवड्यात चहा गाळता गाळता सांगितले. मी समोवारवरच्या भाषणाची टिपणे काढत होतो, म्हणून 'हो का' म्हणालो. नंतर मात्र माझ्या ध्यानात आले, की गल्ल्याखाली लाल कापडाच्या बांधणीची, तेलाच्या बोटांनी कडा काळ्या झालेल्या पानांची उधारीची वही आहे आणि पुढेमागे प्रदर्शनात मांडायला तिच्याइतकी देखणी वस्तू मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी मी ती आठवण म्हणून मागितली. मालकांनी वही उघडली, माझे पान काढले, चष्मा वर सरकवून बेरीज केली आणि म्हणाले, "न्या की. आधी हे एवढं मिटवा."