दगड कुणासाठी टाकले? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. मिसिसिपीतल्या नौकामार्गाच्या दगडी बांधकामांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता: 'पाटबंधाऱ्यात तीस वर्षं काढली. नदीतला दगड जहाजवाल्यांसाठीच असतो, माशांचं नाव मागाहून चिकटवतात. दगड तो दगड. पुरावा काय? आणि नागपुरात बसून हे कशाला? आपल्या नाग नदीत कागदाची होडी तरी चालते का?'

आधी जे पटलं ते. 'माशांसाठी बांधलेली घरं' हे माझे शब्द चुकले. सेंट लुईसच्या आसपास अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ते दगड टाकले ते बार्जसाठी, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौकांसाठी, नऊ फूट खोलीचा मार्ग टिकावा म्हणून.

पण 'दगड तो दगड' इथे मी अडतो. स्पर म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार! काठापासून आडवा स्पर, म्हणजे दगडी बांध, घातला की प्रवाह मधोमध लोटला जातो, तिथे खोली मिळते, आणि स्परच्या मागे पाणी संथ होऊन गाळ बसतो. काही वर्षांत त्या गाळावर झुडपं येतात, नदी तेवढी अरुंद होते. आता त्याच स्परला एक खाच ठेवा. खाचेतून पाणी मागे घुसतं, गाळ उपसतं, काठालगतचा ओघ जिवंत राहतो. दगड तर उलट कमीच लागला! दुसरा प्रकार शेवरॉनचा. काठापासून सुटा, घोड्याच्या नालेसारखा, टोक वरच्या अंगाला. पाणी दोन्हीकडे फुटतं. पुरात ते माथ्यावरून कोसळतं आणि मागे डोह खणतं, डोहाच्या खालच्या अंगाला रेती साचते. ड्रेजिंगची, म्हणजे मार्गातून उपसलेली, रेतीही तिथेच टाकली तर बेट होतं. खोल, उथळ, धावतं, थबकलेलं, सगळ्या तऱ्हांचं पाणी हाकेच्या अंतरात. मासळीला हेच लागतं. एकसारख्या कालव्यात तिचं मन रमत नाही.

पुराव्याचं म्हणाल तर आपल्या छोट्या सुरय पक्ष्याची तिकडची बहीण, लीस्ट टर्न, अशाच उघड्या रेतीवर अंडी घालते. अमेरिकेच्या अंतर्भागातली तिची जमात 1985 मध्ये संकटग्रस्त यादीत गेली आणि 2021 मध्ये बाहेर आली. याचं श्रेय मी शेवरॉनला देणार नाही, त्यामागे बरंच काही आहे. पॅलिड स्टर्जन हा मासा 1990 मध्ये यादीत गेला, तो अजून तिथेच आहे. म्हणजे दगडाने सगळं भागत नाही, हा तुमचा मुद्दा शाबूत राहतो. त्यात असे स्पर पुराची पातळी वाढवतात का, यावर तिकडे काही संशोधक आणि अभियंता दल यांचं अजून जुळलेलं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून घरांत शिरलेलं पाणी पाहिलेल्या आपल्यासारख्यांनी तो वाद हसण्यावारी नेऊ नये.

राहिला नागपूरचा प्रश्न. नाग नदीत होडी चालत नाही, कबूल. पण तिचं पाणी कन्हानमधून वैनगंगेलाच जातं, आणि 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या 111 मार्गांत वैनगंगा-प्राणहिता आहे. उद्या तिथे बार्ज येतील, असं मी म्हणत नाही. खरं सांगायचं तर येऊच नयेत असं वाटतं; उन्हाळ्यात रेती उघडी पडते तेव्हा सुरय आणि आर्लीची अंडी तिथेच असतात. पण एखाद्या नकाशावर स्परची रेघ ओढली गेलीच, तर ती ओढणाऱ्याला खाच माहीत असावी, एवढ्याचसाठी तो लेख होता.

आणि दगडाआधी मी बांबू मागेन. गंगेत बंडाल लावतात, ते तुम्ही ऐकलं असेल. बांबू रोवून त्यांना तट्ट्या बांधायच्या, त्या वरचं पाणी अडवतात आणि तळचं मोकळं सोडतात. रेती बाजूला सरकते, मार्ग खोल होतो. पुरात ते वाहून गेले तरी चालतं. चुकलं तर पुढच्या साली दुसरीकडे लावा. दगडाला ही सोय नाही.

'घरं' हा शब्द मूळ लेखातून काढलाय. आता माझा एक प्रश्न. तुमच्या नोकरीच्या काळात वैनगंगेवर कुठे स्पर घातले होते का, आणि पाणी उतरल्यावर त्यांच्या टोकाशी डोह पडायचा का? तिथल्या ढिवरांनी त्या डोहात जाळं टाकल्याचं आठवत असेल, तर जागेसकट लिहा. मी जाऊन पाहून येतो.