विष आणि खाद्य ही दोन दुकानं नव्हेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

टोक्यो विद्यापीठातले समुद्री विषांचे आणि मत्स्यपोषणाचे अभ्यासक योशिरो हाशिमोतो यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. नेरेइस्टॉक्सिन हे समुद्री किड्यातलं विष त्यांनी शोधलंच नाही. समुद्री विषं आणि माशांचं पोषण असे दोन संसार मांडणारा माणूस एकातही खोल उतरत नाही. आणि कारटॅप हे कीटकनाशक समुद्री किड्यापासून आलेलं, म्हणजे नैसर्गिक, तेव्हा त्याचा धोका मी उगाच वाढवून सांगितला.

पहिली हरकत बरोबर आहे. ते विष १९३४ साली नित्ता यांनी वेगळं काढलं. ओकाइची आणि हाशिमोतो यांनी १९६२ मध्ये त्याची रचना ठरवली. लेखातला शब्द दुरुस्त केला आहे.

दुसरी मात्र पटत नाही. ईशान्य जपानात जुनी समजूत होती की वसंताच्या सुरुवातीला मांजराने अ‍ॅबलोनी या शंखाची आतडी खाल्ली, तर त्याचे कान झडतात. हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी ती समजूत जनावरांना आतडी खाऊ घालून तपासली. कारण निघालं आतड्यातलं हिरवं रंगद्रव्य. शंख शेवाळ खातो, त्यातल्या हरितद्रव्यापासून ते बनतं, आणि खाणाऱ्याच्या अंगावर ऊन पडलं की त्वचा जळते. कान उघडे, केस विरळ, म्हणून घाव तिथे. अंधारात ठेवलेल्या जनावराला काही होत नाही. खाद्य तेच, फरक उन्हाचा.

आता कार्प माशाचा 'सेकोके' हा आजार पाहा. रेशीमकिड्याचे वाळवलेले कोष-किडे खाऊन वाढलेल्या माशांच्या पाठीचं मांस झिजायचं, पाठ सुरीच्या धारेसारखी व्हायची. इथेही पद्धत तीच: खाऊ घाला, लक्षण येतं का पाहा, अर्क काढा, त्याचे भाग पाडा, प्रत्येक भाग पुन्हा खाऊ घाला. दोष निघाला ऑक्सिडीकरण झालेल्या तेलात, आणि खाद्यात ई जीवनसत्त्व घातलं की झीज टळते हे १९६६ मध्ये छापून आलं. म्हणजे साठवणीत खवटलेली चरबी हेच माशाचं विष. हा अभ्यास पोषणाचा की विषाचा, तुम्हीच सांगा.

ईल या सापासारख्या लांबट माशाच्या बाबतीतही तसंच. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं की ईलचं अंग पिळवटतं, हे १९७० च्या प्रयोगांत दिसलं. बऱ्याच कच्च्या माशांत आणि शिंपल्यांत थायमिन मोडणारं विकर असतं; शिजवल्यावर ते निकामी होतं. कच्ची तारली रोज टाकत राहिलात तर पोटभर खाऊनही मासा उपाशी.

आपल्याकडच्या सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, पाळणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं. या माशाला किलोभर खाद्यामागे सुमारे १०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व लागतं, आणि खाद्यात माशाचं तेल वाढलं की गरजही वाढते. गोणीवर छापलेला आकडा गोणी भरली त्या दिवसाचा. चरबी खवटताना हेच जीवनसत्त्व आधी खर्ची पडतं, मग माशाच्या स्नायूंना राखायला उरत नाही. भाताचा कोंडा गिरणीतून निघाल्यापासूनच बिघडायला लागतो, तेव्हा तो ताजा आणा, आठवडाभरात संपवा. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पत्र्याखालची उष्णता सर्वांत वाईट. खवटपणा ओळखायला नाकावर भिस्त ठेवू नका. चरबी किती खवटली ते मोजणाऱ्या नुसत्या पेरॉक्साइड अंकावरही नको: तो आधी चढतो, मग पेरॉक्साइडं फुटून अ‍ॅल्डिहाइडं बनली की उतरतो. जुनं फिशमील (माशांची भुकटी) तपासणीत 'चांगलं' ठरतं ते यामुळेच. प्रयोगशाळेकडून अ‍ॅल्डिहाइडं मोजणारा अ‍ॅनिसिडिन अंकही मागून घ्या.

राहिलं कारटॅप. गळाला लावायच्या मेलेल्या समुद्री किड्यावर बसून माशा मरतात हे जपानी गळकऱ्यांना ठाऊक होतं. त्या विषाच्या धर्तीवर टाकेदा कंपनीने १९६७ मध्ये कारटॅप आणलं. कोकणात भाताच्या खोडकिड्यासाठी दाणेदार ४ टक्के कारटॅप एकरी साडेसात ते दहा किलो टाकतात. दहा किलोत ४०० ग्रॅम मूळ विष येतं. खोडकिड्याच्या शरीरात त्यापासून पुन्हा नेरेइस्टॉक्सिन बनतं आणि मज्जातंतूंचा निरोप पुढे जाणं बंद होतं. उगम समुद्रातला असला तरी ते तळ्यातल्या माशांनाही घातक आहे. दाणे टाकल्यावर चार-पाच दिवस खाचराची तोंडं बंद ठेवा, आणि त्या पाण्याचा पाट शेततळ्यात कधीच सोडू नका.