उरकायला ती काय पंगत आहे?

गोव्यातल्या बोगमाळ्याचं नौदल विमान संग्रहालय बघायचं असेल तर एकटे जा, बाबांनो! ग्रुपबरोबर गेलात की संपलं. गाडीतून उतरायच्या आधीच फर्मान सुटतं, "अर्ध्या तासात उरकू हं!"

सी हॉक या लढाऊ विमानाच्या पंखाला लोंबकळणारं पोरगं आणि "हात वर कर, मस्त येतंय" म्हणून ओरडणारे त्याचे पप्पा. अहो, १९७१ साली विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाववर बॉम्ब टाकणारी जात ही. झोपाळा वाटला का? पत्र्यावर, रिव्हेटच्या रांगेला अगदी खेटून, कुणीतरी किल्लीनं बदाम कोरून ठेवलाय. बाणासकट! काय मिळतं हो?

पुढे तीन शेपट्यांचं अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन विमान. एअर इंडिया, मग वायुदल, मग नौदल अशा तीन नोकऱ्या करून निवृत्त झालेलं. आणि आमचे दादा विचारतात, "राफेल का हे?" चार पंखे दिसत नाहीत? माहितीफलक समोर आहे, पण तो वाचायचा नसतो, त्यावर पाण्याची बाटली ठेवायची असते.

आतल्या दालनात जरा कुठे थांबावं, तर बाहेरून हॉर्न. वाजवा, अजून वाजवा!