सिंधू संस्कृतीचा सातबारा आपल्या नावावर कसा करावा

सिंधू संस्कृती हिंदूंची की बौद्धांची, या वादात आपलाही हक्क सांगायचाय? मग पहिली गोष्ट, त्या संस्कृतीच्या मोहेंजोदडो शहराला जायच्या भानगडीत पडू नका. व्हिसा मिळणार नाही हे झालंच, पण जागेवर जाऊनही काही साधत नाही. देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ साली खरोखर गेले होते. पुरातत्त्व खात्यातला जाणता माणूस. ढिगारे पायाखाली घातले आणि लिहून दिलं की हे गाव जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचं, विटा तर अगदी अलीकडच्या. अंदाज चार हजार वर्षांनी हुकला. जाऊन, बघून, हातात वीट घेऊन जर एवढं चुकता येतं, तर न जाता तुम्ही कितीतरी ठामपणे चुकू शकाल. घरी बसा, पंखा लावा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर वारसनोंदीचा अर्ज टाका.

पुरावा एकच जोडा: शिक्का क्रमांक ४२०. आकडा खरंच हाच आहे, मी नाही दिला. १९२८-२९ मध्ये मोहेंजोदडोत सापडला, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. फोनवर बोटांनी मोठा करून बघितल्यामुळे तो देवळाच्या दाराएवढा असावा असं वाटतं, पण आहे साडेतीन सेंटिमीटरचा, कॅरमच्या सोंगटीहून जरासा मोठा. त्यावर बैठकीवर टाचा जुळवून बसलेला कुणीतरी, हात बांगड्यांनी भरलेले, डोक्यावर मोठी शिंगं. एका बाजूला हत्ती आणि वाघ, दुसऱ्या बाजूला गेंडा आणि रेडा. बैठकीखाली हरणं. वर चार-दोन अक्षरं, जी कुणालाच वाचता येत नाहीत. सगळी मजा तिथेच आहे.

हिंदू हिश्श्यासाठी अर्ज करणाऱ्यांनी पुरातत्त्व खात्याचे एकेकाळचे इंग्रज प्रमुख जॉन मार्शल यांचं नाव घ्यावं. एरवी इंग्रजांनी आपला इतिहास बिघडवला हे आपलं पक्कं मत असतं, तेवढं या परिच्छेदापुरतं बाजूला ठेवायचं. मार्शलसाहेबांनी १९३१ साली ग्रंथात लिहिलं की हा शिवाचा पूर्वज: तीन तोंडं, योगासन, भोवती पशू, म्हणजे पशुपती. झालं. एखादा भाचा विचारेल की वेदांतला पशुपती तर गुराढोरांचा धनी, मग इथे वाघ आणि गेंडा कुणाच्या गोठ्यातले? त्याला विचारा, नोकरीचं काय झालं.

बौद्ध हिश्श्यासाठीही हाच शिक्का चालतो, वेगळा शोधायला नको. बैठकीखालची हरणं दाखवा आणि सारनाथचं मृगवन म्हणा. इतर शिक्क्यांवर पिंपळ आहेच, त्याला बोधिवृक्ष म्हणा. शिवाय मोहेंजोदडोच्या सगळ्यात उंच टेकाडावर स्तूप उभा आहे. पुरातत्त्व खात्याचे राखालदास बॅनर्जी मुळात तो स्तूप खणायलाच गेले होते, खालचं शहर नंतर हाती लागलं. स्तूप शहर ओस पडल्यावर साधारण दोन हजार वर्षांनी बांधलाय असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण वरच्या मजल्याची कागदपत्रं दाखवून तळमजल्यावर नाव लावणं आपल्याकडे काही नवीन नाही. आमच्या ग्रुपवर हा शिक्का दोनदा येऊन गेलाय. एका काकांनी पाठवला तेव्हा खालची हरणं कापली होती, दुसऱ्यांनी पाठवला तेव्हा वरची शिंगं. दोन्ही फोटोंवर 'सुप्रभात'.

मधल्या काळाची चिंता नको. शहरं मोडायला लागली इ. स. पू. १९०० च्या सुमारास. बुद्ध आले त्यानंतर अंदाजे चौदाशे वर्षांनी, आणि तेही गंगेच्या खोऱ्यात. एवढी पोकळी 'मौखिक परंपरा' या दोन शब्दांनी बुजवायची. चौदाशे वर्षं म्हणजे आपल्यात आणि दुसऱ्या पुलकेशीत आहे तेवढं अंतर. आता पुलकेशीच्या घरी सणावाराला काय शिजायचं, हे आपल्या प्रत्येकाच्या आजीने सांगितलेलं असतंच.

वारसा मागताना नीट निवडून मागा. देव मागा, योग मागा. गटारं मागू नका. घरोघर न्हाणीघर, सांडपाणी रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारात, आणि ती उपसता यावीत म्हणून जागोजागी सोय, असला तो सगळा प्रकार. त्यावर हक्क सांगितलात तर सोसायटीच्या पुढच्या सभेत चेंबर कुणी साफ करायचा हा विषय निघेल. बैलगाडीही नको. खरं तर तिथल्या मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि सिंधमधल्या परवापरवापर्यंतच्या गाड्या शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात, पण चाकाच्या आरत्या होत नाहीत.

भाऊबंदकीची तयारी मात्र ठेवा. जैन येतील, हडप्प्याचा नग्न पुतळा पुढे करतील. लिपी द्रविड भाषेची म्हणणारेही येतील, आणि तमिळनाडू सरकारने २०२५ च्या जानेवारीत ती वाचणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय, म्हणजे त्यांची बाजू खर्चाला कमी नाही. मोडतोड झाली तरी डगमगू नका. १९४७ च्या वाटणीत मोहेंजोदडोचा एक हार दोन्ही देशांनी चक्क मधोमध तोडून अर्धा अर्धा घेतलाय. मूर्तींपैकी नाचणारी मुलगी दिल्लीत, दाढीवाला 'पुरोहित-राजा' पाकिस्तानात. तो पुरोहित होता की राजा, याचा पुरावा शून्य, तरी नाव लागलं ना?

मराठी माणसाने म्हणावं तर आपलाही एक गुंठा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा अशी साठ किलोंच्या वरची धातूची शिल्पं मातीत सापडली, आणि अनेक अभ्यासक ती सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातली मानतात. दायमाबादला व्हिसा लागत नाही. म्हणूनच बहुधा कुणी जात नाही.

शेवटचं काम: लिपी वाचली जाऊ नये म्हणून नवस बोला. चिन्हं चारेकशे, आणि एका शिक्क्यावर सरासरी जेमतेम पाच. पाच चिन्हांत वेदातली ऋचा मावत नाही, बुद्धाचं सुत्त मावत नाही. गुजरातेतल्या लोथल या सिंधू काळच्या गावाच्या वखारीत असल्या शिक्क्यांचे ठसे उमटलेले मातीचे गोळे सापडलेत. पुढून बघितलं तर प्राणी, अक्षरं, सगळं भारदस्त. मागून बघितलं तर गोणपाटाची वीण आणि दोरीची गाठ. ग्रुपवर टाकताना पुढचाच फोटो टाका.