‘दारूच्या लिव्हरमधली गाठ साधीच असते’ म्हणे!

मामांनी सीटी स्कॅनची वेळ परस्पर रद्द केली. कारण भावकीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘दारूने लिव्हर खराब झालं की गाठी येतातच, त्या साध्या असतात. एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही. सीटी म्हणजे लूट. बायोप्सीची (तपासायला गाठीचा तुकडा काढायची) सुई लागली की कॅन्सर पसरतो. 90 दिवस गुळवेलीचा काढा घ्या, गाठ विरघळते.’ मामांना सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय, आणि सोनोग्राफीत 14 मिलिमीटरची गाठ दिसली आहे. म्हणून हे लिहितोय.

गाठी साध्या? बहुतेक असतात, मान्य. सिरोसिसमध्ये लिव्हर गाठीगाठींचंच होतं. दारूच्या सिरोसिसमध्ये तर हुबेहूब कॅन्सरसारखी दिसणारी साधी गाठही सापडते. पण म्हणूनच तर तपासायचं! नुसत्या सोनोग्राफीवर ते ठरत नाही.

सीटीत काय करतात ते तरी समजून घ्या. लिव्हरला पाऊण रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. हाताच्या शिरेतून डाय (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) सोडतात आणि काही मिनिटांत तेच लिव्हर पुन्हा पुन्हा टिपतात. कॅन्सरची गाठ आधी लख्ख उजळते, मग आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. साधी गाठ उजळली तरी सहसा अशी काळी पडत नाही. सिरोसिसमध्ये 1 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीत दोन्ही खुणा स्पष्ट असतील, तर बायोप्सीशिवाय निदान होतं. 1 सेंटिमीटरच्या आतली असती तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी चालली असती. मामांची तेवढी लहान नाही.

एएफपी लहान कॅन्सरमध्ये अनेकदा नॉर्मलच येतं. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा धोका खरा आहे, पण थोडा. आणि बायोप्सी लागते ती स्कॅनवर उलगडा झाला नाही तरच.

राहिला काढा. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. त्याने गाठ विरघळते याला पुरावा नाही. उलट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, पुढे देशभरातून आणखी रुग्णांची नोंद झाली. आधीच थकलेल्या लिव्हरवर हे ओतायचं? आणि त्या 90 दिवसांत गाठ कॅन्सरची निघाली, तर उपचाराची चांगली वेळ गेली.

सीटीची वेळ पुन्हा घेतली आहे, गुरुवारी साडेनऊ. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि जुन्या सोनोग्राफी पिशवीत भरल्यात. काढ्याची बाटली मामींनी मोरीत ओतली.