सिंकला टेकू

घर जागचं हलत नाही, या एका गृहीतकावर जगातली सगळी स्वयंपाकघरं बांधलेली असतात. आरव्हीतलं, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतलं, स्वयंपाकघरही त्याच गृहीतकावर बांधतात आणि मग त्याला चाकं लावतात. पुढचं सगळं रामायण या क्रमामुळे घडतं.

गाडी उभी असते तोवर तक्रारीला जागा नसते. ओटा आहे, नळ आहे, खाली कपाट आहे, कपाटाला कडी आहे. गाडी निघाली की प्रत्येक स्क्रूला हादरे बसायला लागतात, आणि स्क्रू ही जात मुळात फारशी सोशिक नाही. हादरा बसला की तो किंचित सैलावतो. कुणाचं लक्ष नाही असं दिसलं की आणखी सैलावतो.

आमचं सिंक ओट्याच्या खालून बसवलेलं होतं. दिसायला फार छान. ओट्यावर सांडलेलं पाणी फडक्याने सरळ आत लोटता येतं, मध्ये काठ आडवा येत नाही. विकणारा माणूस हे कौतुकाने सांगत असतो आणि आपण मान डोलावत असतो. हे भांडं वर नेमकं कशाच्या जिवावर राहिलंय, असं तेव्हा कुणी विचारत नाही. वरून बसवलेलं सिंक निदान स्वतःच्या कडांवर ओट्यावर बसलेलं तरी असतं. खालून लावलेलं नुसतं लोंबकळतं.

पहिलं लक्षण दिसलं चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. चमचे ओले. सासूबाईंना वाटलं, मी पुसून ठेवत नाही. मला वाटलं, त्या निथळू न देता ठेवतात. नवऱ्याला काहीच वाटलं नाही, कारण त्याने तो ड्रॉवर कधी उघडलाच नव्हता. एकमेकींवर असा सुसंस्कृत संशय घेत काही दिवस गेले. मग एकदा ओटा पुसताना माझं बोट अडकलं. सिंकची पुढची कड ओट्यापासून सुटून खाली गेली होती, आणि मधल्या फटीत चमच्याची दांडी आरामात आत जात होती.

"पूर्वीपासूनच असेल तसं," नवरा म्हणाला. घरातल्या कुठल्याही बिघाडावर हे त्याचं पहिलं वाक्य असतं.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण काठोकाठ भरलेल्या सिंकमध्ये वीस लिटर पाणी मावत असेल, तर भांडी धरायच्या आधीच तिथे वीस किलो टांगलेले आहेत, हा हिशोब कुणी करत नाही. घरच्या सिंकला एवढं वजन पेललं की काम संपलं. आरव्हीतल्या सिंकमध्ये प्रवासातही काही ना काही पडलेलं असतंच. आमच्याकडे बिडाचा तवा असायचा. तो कपाटात ठेवला तर दार उघडून बाहेर येतो, शेगडीवर ठेवला तर घसरतो, म्हणून सासूबाईंनी त्याची जागा सिंकमध्ये ठरवून टाकली होती. खड्डा आला की तो तवा आधी उडायचा आणि मग सगळ्या वजनानिशी पुन्हा सिंकवर बसायचा. हा कार्यक्रम प्रत्येक खड्ड्याला. सिंकच्या जागी मी असते तर फार आधीच सुटले असते.

आता दुरुस्ती. दुरुस्तीसाठी कपाट रिकामं करायचं. कपाटाचं दार पूर्ण उघडायला समोरचं टेबल मिटायचं. टेबल मिटायला त्यावरचं सामान बाकावर ठेवायचं. बाकाखाली हत्यारांची पेटी असल्यामुळे ते सामान तिथून उचलून पलंगावर न्यायचं. एवढं झाल्यावर कपाटातल्या बाटल्या, डबे, कचऱ्याच्या पिशव्या आणि घासण्या ठेवायला पलंगावर जागा उरत नाही, म्हणून माणसांनी बाहेर जायचं. आरव्हीत जागा कमी असते असं लोक म्हणतात. तसं नाही. जागा पुरेशी असते, फक्त ती एका वेळी एकाच कामाला मिळते.

कपाटात कोण शिरणार यावर चर्चा झाली नाही. नवरा उंच आहे. त्याचे खांदे आत गेले तर दार बाहेर येईल, असा निवाडा त्याने स्वतःच दिला आणि टॉर्च हातात घेतला. टॉर्च धरणाऱ्या माणसाचा एक जागतिक नियम आहे. तो स्वतःला जे बघायचंय तिथे प्रकाश पाडतो. मी डाव्या कोपऱ्यातला क्लिप शोधत असताना उजव्या कोपऱ्यातल्या एका कोळ्याचं आयुष्य उजळून निघत होतं.

"तिकडे नको, इकडे."

"इकडे म्हणजे माझ्या इकडे की तुझ्या?"

आत उताणं पडायचं तर कपाटाची चौकट बरोबर कंबरेत रुतते, पाइप मानेला चिकटतो आणि डोळ्यांवर बोर्डाचा भुगा पडतो. गॉगल लावावा. हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय, सिंकखाली उताणं पडणाऱ्याने गॉगल लावावाच.

आत जे दिसलं ते असं. सिंकच्या कडेला गोल फिरवलेली सिलिकॉनची एक रेघ, तीही अर्ध्या ठिकाणी सुटलेली. चार बाजूंना छोटे पत्र्याचे क्लिप. प्रत्येक क्लिपला एक स्क्रू, आणि तो स्क्रू वर पार्टिकल बोर्डात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी. वरच्या बाजूला लॅमिनेट, त्यामुळे ओटा दिसतो दगडाचा. पण सिंकसाठी जिथे भोक कापलेलं असतं, तिथली कड उघडी. तिला ना रंग, ना पॉलिश. पाणी शिरायला याहून सोयीची जागा नाही, आणि हा बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की वाळला तरी मूळ आकारात येत नाही. मी पुढच्या क्लिपच्या स्क्रूला पाना लावला नाही, पकड लावली नाही. दोन बोटांत धरला आणि तो बाहेर आला. त्याच्या आट्यांमध्ये तपकिरी ओलसर भुगा भरलेला होता. तिथे नखाने दाबलं तर नख आत गेलं.

म्हणजे इतके दिवस हे सिंक स्क्रूंवर नव्हतंच. सिलिकॉन आणि सवय या दोन गोष्टींवर ते तग धरून होतं.

मुक्कामाच्या जागी कुणी गाडीखाली किंवा कपाटात पाय बाहेर काढून पडलेलं दिसलं की शेजारचे आरव्हीवाले मदतीला येतात. मदत म्हणजे मत. पाहता पाहता दारात दोन पंथ उभे राहिले. एक चिकटवणाऱ्यांचा, दुसरा टेकू देणाऱ्यांचा. चिकटवणारे म्हणाले, चांगलं ईपॉक्सी लाव, जन्मात सुटणार नाही. टेकूवाले म्हणाले, चिकटवलेलं सगळं कधी ना कधी सुटतं, खालून लाकूड दे. एका गृहस्थांनी तिसरं मत दिलं की सिंक वापरूच नये, बाहेर बादलीत भांडी घासावीत. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून त्यांच्याकडे भांडी कोण घासतं ते कळलं.

माझं मत आत पडल्या पडल्याच झालं होतं. सिलिकॉनचं काम पाणी अडवणं, वजन पेलणं नव्हे. वजन लाकडाने पेलावं. चिकटवणाऱ्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून दोन्ही केलं, पण क्रम टेकूवाल्यांचा ठेवला.

पाण्याच्या पंपाचं बटण बंद केलं, मग नळ उघडून पाइपमधला उरलेला दाब सोडला. हे विसरलं तर जोड सुटताच पाणी थेट नाकात. खालचा ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा वाकवलेला पाइप, हाताने फिरवून काढला. ट्रॅपच्या वाकात पाणी साठून राहतं ते उगीच नाही. सांडपाण्याच्या टाकीतला वास त्या पाण्यामुळेच वर येत नाही. ट्रॅप निघाला तसा टाकीने आपला परिचय करून दिला. "फडकं कोंब, फडकं कोंब," असं टॉर्च बोलला. कोंबलं.

मग खरडपट्टी. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड धरत नाही, त्यामुळे जुनं सगळं काढावं लागतं. हे काम वर्णन करण्याजोगं नाही. ब्लेडने खरडायचं, बोटाने ओढायचं, रबरासारखा तुकडा लांब येतोय असं वाटून आनंद होईतो तुटायचं. स्टीलची कड सँडपेपरने खरखरीत केली, स्पिरिटने पुसली. बोर्डाचा मऊ झालेला भाग कोरून काढला, वाळू दिला, उघड्या कडेला पातळ ईपॉक्सी पाजलं. जे काम कारखान्यात ब्रशच्या एका फटकाऱ्यात झालं असतं, ते मी उताणी पडून, कोपर दुमडून, थेंब चुकवत केलं.

सिंक वर उचलून धरायचं कसं, हा पुढचा प्रश्न. नवऱ्याच्या डोळ्यांत चमक आली. "गाडीचा जॅक लावू." आरव्हीची जमीनही वजन वाचवायला हलकी केलेली असते, टन उचलणारा जॅक तिच्यावर ठेवून वर रेटला तर सिंक वर जाईल की जॅक खाली, हे सांगता आलं नसतं. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. सिंकच्या भोकातली जाळी काढायची. ओट्यावर सिंकच्या आरपार एक जाड फळी आडवी टाकायची, तळाखाली भोकापेक्षा मोठा लाकडाचा ठोकळा धरायचा, आणि दोन्हींतून एक आटेवाला लांब रॉड घालून वरखाली नट लावायचे. वरचा नट पान्याने आवळला की सिंक स्वतःहून वर यायला लागतं. या एका दृश्यासाठी मी त्या कपाटात पुन्हा शिरेन. अर्धा फेरा, आणि फट बारीक. आणखी अर्धा, आणि कडेला लावलेलं ताजं सिलिकॉन एका रेषेत बाहेर डोकावलं. आणखी थोडं, आणि चमच्याची दांडी सोडाच, कागदही जाईना. नवऱ्याने न सांगता टॉर्च बरोबर जागी धरला होता.

मग टेकू. कपाटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला आतून लाकडी पट्ट्या, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून. त्यांच्यावर सिंकच्या भांड्याच्या डावी-उजवीकडून पुढून मागे जाणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या, त्या सिंकच्या कडेला खालून घट्ट भिडतील अशा. मध्ये रबराची पातळ पट्टी, नाहीतर लाकूड आणि स्टील प्रवासभर एकमेकांशी कुरकुरत राहतात. जिथे स्क्रू वर ओट्यात जायचा, तिथे त्याची लांबी मोजून घेतली. ओटा 19 मिलिमीटर जाड, तर त्यात घुसणारा स्क्रू 15 च्या आत. ड्रिलच्या बिटलाही तेवढ्या खोलीवर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला. ओट्यावर मधोमध स्क्रूचं टोक उगवलेल्या आरव्ही मी पाहिल्या आहेत. मालक त्यावर फुलदाणी ठेवतात.

सगळं झालं आणि सर्वांत अवघड टप्पा सुरू झाला. वाट बघणं. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर वाळतं, बाहेरून आत. वरची साय थोड्या वेळात धरते, बोटाला लागत नाही, म्हणून माणसाला वाटतं झालं. आत ते ओलंच असतं. 24 तास हात लावायचा नाही. गाडीभर सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास, पलंगावर डबे, सिंकमधून वर आलेला रॉड, त्यावर फळी.

"अगं, नुसता कप विसळते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नाही."

"साबण नाही लावत."

"आई, खाली पाइपच नाहीये."

"एका कपाला कशाला लागतो पाइप?"

पंपाचं बटण बंदच ठेवलं होतं. आरव्हीवाल्यांना पंपाच्या आवाजाची एक धास्ती असते. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, हे बरोबर. पण कुठलाच नळ उघडा नसताना तो मध्येच टर्र करून थांबला, तर कुठेतरी गळतंय. मध्यरात्री, सगळे डब्यांमधून वाट काढत कसेबसे आडवे झालेले असताना, पंप टर्र वाजला. मी उठले ती सरळ कपाटात. फडकं कोरडं. पट्ट्या कोरड्या. पुन्हा टर्र. नवरा टॉर्च घेऊन आला आणि सवयीने त्याने तो भलतीकडे, बाथरूमच्या दारावर धरला. दारात सासूबाई उभ्या, पंपाचं बटण चालू, हातात निथळता कप.

"सिंकला हात लावलेला नाही हं मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रॉड काढला, जाळी आणि ट्रॅप बसवला, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून सिंक काठोकाठ भरलं आणि तसंच ठेवलं. कागदावर थेंब नाही. दोन्ही हातांनी कड दाबून पाहिली. आख्खी गाडी थोडी हलली, सिंक नाही. चिकटवणारे येऊन म्हणाले, बघ, चिकटलं. टेकूवाले म्हणाले, बघ, टेकलं. मी दोघांनाही हो म्हटलं आणि डबे आत भरायला लागले.

निघायची वेळ झाली. तव्यासाठी मी बाकाखाली हत्यारांच्या पेटीशेजारी खास जागा केली होती, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवण्याइतकी. वळून पाहिलं तर तवा सिंकमध्ये.

"आई, तो तिथे नाही ठेवायचा आता."

"का? एवढं पक्कं बसवलंयस ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग राहू दे की."